दुसऱ्याचं टपाल आपल्या पेटीत, आपलं दुसऱ्याच्या : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी धागा

खाडीपल्याड

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रश्न पाळीपाळीने येतात. "हे पत्र कुणाचं?" आणि "माझं कार्ड कुणाकडे आलंय का?" दोन्हींवर उत्तर एकच मिळतं, पोस्टात जाऊन विचारा. पण पोस्टाची पायरी चढण्याआधी पाकीट नीट वाचलं तर अर्धी भानगड हातातच उलगडते. चूक तीन जागी होते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

एक, पत्ता बरोबर, पेटी चुकली. बी-७०३ चं पत्र ए-७०३ च्या पेटीत.

दोन, पत्ता तुमचाच, माणूस तुमचा नाही. आधीचे भाडेकरू, जुने मालक, कधी काळी त्याच फ्लॅटमध्ये थाटलेलं कुणाचं तरी ऑफिस. इथे पोस्टमनला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने पाकिटावर लिहिलंय तिथे नेऊन दिलं. चूक पाठवणाऱ्याच्या यादीत आहे.

तीन, पत्ताच घोळाचा. पिन एका नोडचा (म्हणजे वाशी, नेरुळसारख्या वसाहतीचा), सेक्टर दुसऱ्या नोडचा, इमारतीचं नाव जुनं. असं पत्र तुमच्या पोस्टमनपर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याच्यापाशी तक्रार करणं व्यर्थ.

पोस्ट, कुरिअर, बँक, नोटीस, सगळ्यांबद्दल इथेच लिहा. फक्त 'आमच्याकडे असं झालं' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय करायचं तेही सांगा.

लखोटा

दुसऱ्याचं टपाल आपल्याकडे आलंय, इथून सुरुवात करू.

साधं पत्र असेल आणि पत्ता त्याच इमारतीतला असेल तर सरळ योग्य पेटीत टाका. त्यात काही वावगं नाही. पत्ता शेजारच्या सोसायटीचा असेल तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला, डावीकडच्या मोकळ्या जागेत लिहा : "चुकून अमुक पत्त्यावर आले. मूळ पत्त्यावर द्यावे." खाली तारीख. मग पोस्टमनच्या हातात द्या किंवा लाल पेटीत टाका.

माणूस राहत नसेल तर मजकूर बदलतो : "या पत्त्यावर राहत नाहीत. पाठवणाऱ्यास परत." शक्य असेल तर हेच इंग्रजीतही लिहा, कारण पाकीट परत जाताना ते कुठल्या राज्यात कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. त्यांचा नवा पत्ता माहीत असेल तर तो शेजारी लिहून पाकीट पुन्हा टपालात टाकता येतं. न उघडलेल्या साध्या पत्राला नवं तिकीट लागत नाही.

लोक हमखास तीन चुका करतात. मूळ पत्त्यावर जाड मार्करने काट मारतात. मग आतला सॉर्टर ना जुना पत्ता वाचू शकतो ना पाठवणाऱ्याचा. दुसरं, बारकोडवर लिहितात. पाकीट यंत्रात पुन्हा जुन्याच बारकोडने वाचलं जाऊन तुमच्याकडे परत येऊ नये म्हणून बारकोडवर फुली मारा असा सल्ला फिरतो, तो परदेशातला आहे. आपल्या स्पीड पोस्टचा बारकोड म्हणजे त्या वस्तूची ओळख, तो गेला की मागच काढता येत नाही. तिसरं, काहीच न लिहिता पाकीट पेटीत टाकतात. ते चार दिवसांनी पुन्हा तुमच्याच दारात, कारण पत्ता तर तुमचाच आहे.

स्पीड पोस्टचं चुकून घेतलं असेल तर ते लाल पेटीत टाकू नका. त्यावर सही झालीय, म्हणजे पोस्टाच्या नोंदीत ते 'डिलिव्हर्ड' आहे. वितरण करणाऱ्या पोस्ट ऑफिसात नेऊन द्या आणि एका साध्या कागदावर वस्तूचा क्रमांक, तारीख लिहून त्यावर पोचशिक्का घ्या. उद्या कुणी विचारलं तर तेवढा कागद पुरतो.

गॅलरीतला

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? जुन्या भाडेकरूचा नंबर सेक्रेटरीकडे असतो. फोटो काढून ग्रुपवर टाका, अर्ध्या तासात माणूस सापडतो.

लखोटा

सेक्रेटरीकडून नंबर घेऊन त्या माणसाला एकट्याला कळवणं उत्तम. ग्रुपवर फोटो नको. खिडकीच्या पाकिटात नावाबरोबर खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, कर्जाचा क्रमांक, कधी मोबाइलही दिसतो. दोनशे घरांना ते वाटायचं कारण नाही. फार तर "अमुक आडनावाचं पत्र गेटवर आहे" एवढं लिहा.

आणि उघडायचं नाही. "कुणाचं आहे ते बघायला उघडलं" हे कारण चालत नाही. ना पत्ता लागतो ना पाठवणाऱ्याचा ठिकाणा, अशी पाकिटं पोस्टाच्या परत-पत्र कार्यालयात जातात आणि पत्ता शोधण्यासाठी उघडायचा अधिकार तिथल्याच लोकांना असतो.

सेक्टरवाली

नवी मुंबईचा खरा रोग तिसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिडकोने शहर नोडमध्ये वसवलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टर एकपासून मोजले. त्यामुळे सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळला आहे, बेलापूरला आहे, कोपरखैरण्यात, ऐरोलीत आणि खारघरलाही आहे. "सेक्टर १५, नवी मुंबई" हा पत्ता नव्हेच. नोडचं नाव गळलं की उरतो फक्त पिन, आणि तोही चुकला की पत्र गावभर हिंडतं.

आता पिनचं बघा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आधीच दिसतात :

वाशी ४००७०३, ठाणे पूर्व म्हणजे कोपरी ४००६०३.
सानपाडा ४००७०५, कळवा ४००६०५.
नेरुळ ४००७०६, जेकेग्राम ४००६०६.
ऐरोली ४००७०८, बाळकुम ४००६०८.
घणसोली ४००७०१, ठाणे मुख्य पोस्ट ऑफिस ४००६०१.

चौथा आकडा सहाचा सात झाला की खाडी ओलांडली! त्यात कोपरी नावाचं गाव वाशीच्या सेक्टर २६ लाही आहे आणि ठाणे पूर्वेलाही. पत्ता "कोपरी" आणि पिनमध्ये एका आकड्याची चूक, मग पोस्टातल्या माणसाने ओळखायचं तरी कसं? बरं, सगळ्या नवी मुंबईचे पिन सातवाले असंही नाही. सीबीडी बेलापूर ४००६१४ आहे. "ठाण्याचा पिन दिसतोय" म्हणून हा कुणी 'दुरुस्त' करू नका.

खारघर आणखी निराळं. पिन ४१०२१०, जिल्हा रायगड. बेलापूर शेजारी असलं तरी जिल्हा ठाणे. पिनचे पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा ठरवतात, म्हणजे ४०० आणि ४१० ची वाटच वेगळी. कामोठे ४१०२०९, कळंबोली ४१०२१८, पनवेल ४१०२०६. ऑनलाइन फॉर्म 'नवी मुंबई' निवडल्यावर जिल्हा आपोआप 'ठाणे' भरत असेल तर खारघरवाल्यांनी तो हाताने बदलायचा.

नावांचे सापळे : नेरुळ आणि नेरळ. नेरळ कर्जत तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याशी. इंग्रजीत लिहिलं तर फरक एका अक्षराचा. बेलापूर आपलं आणि श्रीरामपूर तालुक्यातलंही आहे. सीवूड्स हा वेगळा नोड समजून लोक "सेक्टर ५०, सीवूड्स" लिहितात. सेक्टर नेरुळच्याच मालिकेतला आहे आणि पिनही ४००७०६, तेव्हा दोन्ही नावं लिहिलेली बरी.

मग ए-वाले सेक्टर. वाशीत ९ वेगळा, ९ए वेगळा, तसंच ३० आणि ३०ए. कुरिअरच्या लेबलवर 'ए' पुढच्या शब्दाला चिकटतो किंवा गळतो. त्याला विंग समजून पार्सल भलत्याच इमारतीच्या ए विंगमध्ये.

सिडकोच्या जुन्या वसाहतींत पत्ता तिरक्या रेघांनी लिहायची पद्धत आहे. जेएन-२, मग इमारत क्रमांक, मग खोली. त्यातला एक तुकडा सुटला की उरलेला पत्ता दहा इमारतींना लागू पडतो. म्हणून रेघा सोडा, शब्दांत लिहा : "टाइप जेएन-२, इमारत ४५, खोली बी-७, सेक्टर ९, वाशी."

पारसिक

सेक्टरवालीताई, मस्त. ठाण्याची भर घालतो.

इथे सेक्टर नाहीत, त्यामुळे रस्ता आणि वस्ती हाच आधार. पोखरण रोड नंबर एक की दोन हे लिहिलंच पाहिजे. नुसतं 'पोखरण रोड' म्हणजे काहीच नाही. वागळे इस्टेटमध्ये रस्ते क्रमांकाने ओळखतात, तेव्हा रोड नंबर आणि प्लॉट नंबर दोन्ही हवेत, पिन ४००६०४. घोडबंदर रोड ही खूण झाली, तो पत्ता नव्हे. तो कापूरबावडीपासून थेट घोडबंदरपर्यंत जातो आणि वाटेत पिन बदलतात. मानपाड्याकडे ४००६०७, कासारवडवलीकडे ४००६१५. "घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम ४००६०१" असं लिहिणाऱ्यांचं पत्र आधी स्टेशनजवळच्या मुख्य पोस्टात जाणार, तिथून पुढे.

नौपाडा, पाचपाखाडी भागात पुनर्विकासाने नवाच घोळ केलाय. 'अमुक निवास' पडून तिथे टॉवर उभा राहिला, नाव बदललं, फ्लॅटचे क्रमांक बदलले. जुन्या इमारतीतला सहा नंबर आता कुणा तिसऱ्याच्या घराचा आहे. सोसायटीने ताबा मिळाल्याबरोबर वितरण करणाऱ्या पोस्ट ऑफिसला पत्र द्यावं : जुनं नाव, नवं नाव, जुना क्रमांक-नवा क्रमांक अशी तक्त्याची एक प्रत, सेक्रेटरीची सही-शिक्का. पोस्टमास्तर ते त्या बीटच्या, म्हणजे वाटपाच्या टापूच्या, पोस्टमनला देतात. पोस्टमन बदलला तरी कागद राहतो. पुढचं वर्षभर तरी सभासदांनी पत्त्यात "पूर्वीचे अमुक निवास" लिहावं.

पाट्यांचंही बघा. उंच इमारतीत साधी पत्रं तळमजल्यावरच्या पेट्यांत टाकली जातात, वर नेली जात नाहीत. पेटीवर नुसतं आडनाव पुरत नाही, आडनाव बदलतं. फ्लॅट क्रमांक आणि विंग मोठ्या अक्षरात, खाली राहणाऱ्या सगळ्यांची आडनावं. एकाच घरात सासूबाईंचं, सुनेचं आणि भाडेकरूचं आडनाव वेगळं असेल तर तिन्ही. पेटी नाव नसलेली असली की पोस्टमन 'अशी व्यक्ती येथे नाही' असा शेरा मारून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच केलं असतं.

हिशेबनीस

पत्ता लिहिण्याचा एक उपाय कुणी सांगत नाही. छापील लेबलवर प्रत्येक ओळीला अक्षरांची मर्यादा असते, ओळ लांबली की शेपूट कापली जाते. आपण लांबलचक इमारतीचं नाव आधी लिहितो आणि फ्लॅट शेवटी, मग नेमका फ्लॅटच कापला जातो. क्रम असा ठेवा : फ्लॅट आणि विंग, इमारत, प्लॉट, सेक्टर, नोड. 'अमुक बँकेजवळ', 'तमुक हॉटेलसमोर' ही खूण वेगळ्या रकान्यात. हाताने लिहिताना पिन इंग्रजी आकड्यांत लिहा. मराठी ४ परप्रांतातल्या माणसाला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ नवासारखा.

आता बँक आणि सरकारी कागद.

कार्ड चुकीच्या घरी गेलं असं कळलं की पोस्टाला फोन नंतर, आधी बँकेला. ते कार्ड ब्लॉक करून नवं मागवा. पाकीट परत मिळालं, चिकटवलेलंच दिसतंय, तरी तेच. क्रेडिट कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत चालू केलं नसेल तर ओटीपीने तुमची संमती घेतल्याशिवाय ते चालू करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण त्या ३० दिवसांवर विसंबू नका. चेकबुक त्याहून वाईट, त्याला ओटीपी नाही. चेक क्रमांकांची मालिका सांगून पेमेंट थांबवण्याची सूचना लेखी द्या.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि अर्जदाराच्याच हातात, ओळखपत्र पाहून दिला जातो. घरच्यांना देत नाहीत, वॉचमनला तर नाहीच. दिला गेला नाही तर पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. अर्ज एका घरातून आणि मधल्या काळात मुक्काम दुसऱ्या घरी, अशी वेळ असेल तर ट्रॅकिंग क्रमांक आल्या दिवसापासून पोस्टाशी संपर्कात राहा.

लायसन्सचं स्मार्ट कार्डही तसंच. दिलं न गेल्यास परत जातं, म्हणून चौकशी ज्या आरटीओत अर्ज केला तिथे : ठाणे एमएच-०४, नवी मुंबई एमएच-४३, पनवेल एमएच-४६.

आणि एक गैरसमज. आधारवरचा पत्ता बदलला म्हणजे बँक, विमा, म्युच्युअल फंड, पॅन, सगळीकडे बदलला, असं होत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळी विनंती लागते.

गॅलरीतला

हे सगळीकडे बदलेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तोवर?

लखोटा

तोवर जुन्या घराच्या पोस्ट ऑफिसात टपाल वळवण्याचा अर्ज. जुन्या! लोक नव्या घराजवळच्या पोस्टात जातात, तिथे याचा उपयोग नाही, कारण पत्र आधी जुन्या पिनवरच उतरणार. अर्जात कुटुंबातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा, 'आणि कुटुंबीय' लिहू नका. जुना पत्ता, नवा पत्ता पिनसह, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, सही, ओळखपत्राची प्रत. पोच घ्या.

कुरिअर कंपन्यांना हा अर्ज लागू नाही, हे लक्षात ठेवा. त्यांचं टपाल जुन्या पत्त्यावरच जात राहील.

गावाला जाणार असाल तर तुमच्या वतीने टपाल घ्यायला कुणाला तरी लेखी अधिकार देऊन त्याची प्रत पोस्टात ठेवता येते. दार बंद असेल तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी टाकतो आणि वस्तू पोस्टात सात दिवस राहते. मग परत. ती चिठ्ठी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर केरात जाते, हे दुखणं सार्वत्रिक आहे.

वकीलीणबाई

नोटिशीबद्दल लिहिते, कारण इथे फुकटची हुशारी महागात पडते.

जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे, योग्य पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर्ड टपालाने पाठवलेला कागद नेहमीच्या वेळात पोचला असं गृहीत धरलं जातं. पोचला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. 'रिफ्यूज्ड' शेरा म्हणजे बजावणी झालीच. 'अनक्लेम्ड' (कुणी घ्यायला आलं नाही) हाही अनेकदा तुमच्या विरोधातच जातो. म्हणून चिठ्ठी येऊनही मुद्दाम न जाणं हा बचाव नव्हे. चेक न वटल्याच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ते दिवस पाकीट वॉचमनच्या टेबलावर पडून संपले तरी मोजले जाऊ शकतात.

उलट बाजू : जुन्या भाडेकरूच्या नावाची नोटीस तुमच्या दारी आली तर घेऊच नका. सही करू नका, 'रिफ्यूज्ड' असाही शेरा मारून घेऊ नका, कारण तो त्या माणसाने नाकारल्याचा पुरावा होतो. पोस्टमनला स्पष्ट सांगा, "ही व्यक्ती इथे राहत नाही", आणि शेराही तोच लिहायला सांगा. वॉचमनलाही हे शिकवून ठेवा. तो बिचारा चांगुलपणाने सगळ्यांच्या सह्या करतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. त्यातून एक बारीक पण महत्त्वाचा फरक निघतो. नुसतं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, तिथे जो असेल तो घेऊ शकतो. त्यावर 'रजिस्ट्रेशन' जोडलं तर ज्याच्या नावाचं आहे त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळतं. ओटीपीने वितरण ही तिसरी सोय. दोन्हींचे प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी. महत्त्वाचं काही पाठवताना काउंटरवर तोंडाने मागा, आपणहून कुणी विचारत नाही.

पारसिक

दुसऱ्याचं टपाल दाबून ठेवलं तर तुरुंग, असं फॉरवर्ड फिरतं. खरं आहे का?

वकीलीणबाई

अर्धं. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात चुकून आलेलं टपाल दडवून ठेवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. तो कायदा गेला, त्याजागी २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि त्यात ती जुनी गुन्ह्यांची यादी नाही. पण म्हणून मोकळं रान नाही. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगाला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे, किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं आणि दंड. चुकून आलेलं पाकीट चार दिवस फ्रिजवर राहिलं याला कुणी गुन्हा म्हणणार नाही. आतलं गिफ्ट व्हाउचर वापरलं तर म्हणतील.

गेटवरचा

पार्सल आणि कुरिअरचं पोस्टापेक्षा वेगळं चालतं.

अ‍ॅपवर 'डिलिव्हर्ड' आणि हातात काही नाही, अशा वेळी आधी पुरावे गोळा करा, भांडण नंतर. स्टेटसचा स्क्रीनशॉट वेळेसकट. डिलिव्हरीचा फोटो असेल तर त्यातली लादी, दाराचा रंग, चपलांचा स्टँड बघा. आपल्या मजल्यावरचा आहे की दुसऱ्या विंगचा, लगेच कळतं. गेटच्या रजिस्टरमध्ये किंवा गेट अ‍ॅपमध्ये त्या वेळेची नोंद बघा, डिलिव्हरीवाल्याने कुठला फ्लॅट सांगितला होता ते तिथे असतं. मग तोच फ्लॅट क्रमांक बाकीच्या विंगमध्ये विचारा. ए-७०३ चं सहसा बी किंवा सी-७०३ लाच सापडतं. हे सगळं त्याच दिवशी. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं.

सापडलं नाही तर विक्रेत्याच्या अ‍ॅपवरच लेखी तक्रार, फोनवर नाही. कुरिअरवाल्याशी तुमचा करार नाही, विक्रेत्याशी आहे. डिलिव्हरीचा पुरावा मागा : सही, फोटो, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

सोसायट्यांनी गेटवर एक वही ठेवा. रकाने : तारीख-वेळ, कंपनी, पार्सलवरचे शेवटचे चार आकडे, फ्लॅट, ठेवून घेणाऱ्याची सही, नेणाऱ्याची सही. शेवटचे दोन रकाने वेगळे असले पाहिजेत. बहुतेक वह्यांत एकच असतो आणि मग पार्सल कुणी नेलं यावर सभा भरते. ओटीपी वॉचमनला आधीच सांगून ठेवू नका. ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला असंच धरतात.

लखोटा

पोस्टाकडे तक्रारीचा क्रम : वितरण करणाऱ्या ऑफिसचे पोस्टमास्तर, मग इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ वर नोंद, मग विभागाचे प्रवर अधीक्षक, मग केंद्राचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स. तिथे निपटारा २१ दिवसांत अपेक्षित आहे. अधूनमधून डाक अदालतही भरते, तिथे आधीच्या तक्रारीचा क्रमांक लागतो. 'तुमचा पोस्टमन नीट काम करत नाही' असं लिहिलं तर उत्तरही तसंच गोलमोल मिळतं. असं लिहा :

"स्पीड पोस्ट क्रमांक अमुक, बुकिंग तारीख व ऑफिस अमुक. संकेतस्थळावर अमुक तारखेला अमुक वाजता वितरित असे दिसते. वस्तू मला मिळालेली नाही. माझा पत्ता अमुक. वितरणाच्या नोंदीवर सही कोणाची आहे ते कळवावे, त्या नोंदीची प्रत द्यावी आणि वस्तू शोधून द्यावी."

सही कुणाची, हा प्रश्न विचारला की तपास खरा सुरू होतो. तरीही प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकार, १० रुपये, ३० दिवस. साध्या पत्राला क्रमांकच नसतो, त्यामुळे एका हरवलेल्या पत्राची तक्रार कुठेच जात नाही. पण दहा दिवसांत पाच पत्रं चुकली अशी तारखांसह यादी दहा सभासदांनी मिळून दिली तर बीटवर लक्ष दिलं जातं. पोस्टमन सुटीवर असताना बदली माणूस येतो, चुका बहुधा त्याच काळातल्या असतात. तारखा लिहिल्या की ते आपोआप दिसतं.

क्रमांक टाइप करतानाच चुकतो तेव्हा 'नोंद नाही' दिसतं आणि लोक घाबरतात. तेरा खुणा असतात : दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. नववा आकडा तपासणीचा. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून बेरीज करा, ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. १० आले तर शून्य, ११ आले तर पाच. १२३४५६७८ ची बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. जुळत नसेल तर पावतीवरचा अंधुक आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय.

हिशेबनीस

लखोटाराव, धन्य! हे बसून करणारे लोक ठाण्यातच सापडतील.

खाडीपल्याड

डिजिपिनबद्दल कुणी लिहिलं नाही. त्याने सेक्टरचा घोळ मिटेल का?

सेक्टरवाली

सेक्टरचा मिटेल, मजल्याचा नाही. २७ मे २०२५ ला टपाल खात्याने ते आणलं, दहा खुणांचा सांकेतांक, सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. जमिनीवरची जागा नेमकी कळते, त्यामुळे गावठाणातली घरं, रो-हाउस, ज्यांच्या घर क्रमांकांना धड क्रम नाही, त्यांना फार उपयोगी. दिवाळे, शहाबाज अशा गावांतल्या लोकांनी तो काढून पत्त्याच्या शेवटी जरूर लिहावा. पण तीस मजली टॉवरमध्ये एकावर एक असलेल्या सगळ्या फ्लॅटना तोच सांकेतांक येणार. आणि तो पत्त्याच्या किंवा पिनच्या जागी नाही, जोडीला आहे. काढताना उभं राहा घराच्या दारात, गेटवर नाही, नाहीतर चौकोन रस्त्याचा यायचा.

गॅलरीतला

शेवटचा प्रश्न. महावितरणचं बिल दर महिन्याला शेजारच्या इमारतीत जातं. पोस्टमनला सांगून झालं.

गेटवरचा

पोस्टमनचा त्यात हात नाही, बिलं वाटणारी माणसं वेगळी असतात. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट घेऊन महावितरणच्या अ‍ॅपवर किंवा उपविभाग कार्यालयात पत्ता तपासा. बहुतेक वेळा जुन्या बिल्डरच्या नावाचा आणि प्लॉट नंबरचा पत्ताच तिथे पडून असतो. तो दुरुस्त होईपर्यंत मोबाइल आणि ईमेल नोंदवून ठेवा, बिल एसएमएसने येतं. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला दिवाळीला काहीतरी द्या.